गिटारचा फ्रेटबोर्ड हाताला टोचतोय? कडा घरच्या घरी गुळगुळीत कशा करायच्या (आणि कुठे थांबायचं)

मागच्या महिन्यात एका मित्राने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. डाव्या हाताच्या तर्जनीच्या बुडाशी बारीक लाल ओरखडा आणि खाली एकच ओळ : "गिटार चावते राव."

नवीन, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या बऱ्याच जणांना हा अनुभव येतो. हात नेकवरून वर-खाली सरकवला की काहीतरी टोचतं. बऱ्याचदा वाटतं, आपलाच हात अजून तयार झाला नाही. तसं नसतं. तारांमुळे बोटांची टोकं दुखणं वेगळं, ते सरावाने जातं. कडेला टोचणं सरावाने जात नाही, ते दुरुस्त करावं लागतं.

आजच्या लेखात आपण पाहणार आहोत की ही कड का टोचते, ती घरी कशी नीट करायची आणि कुठे हात आवरायचा. शेवटचा मुद्दा मी जरा जास्तच लांबवणार आहे. कारण सहा वर्षांपूर्वी मी माझ्या दादाच्या गिटारचा नेक याच कामात बिघडवून ठेवला होता.

टोचतंय नक्की काय? लाकूड की धातू?

गिटारच्या नेकवर जी लाकडाची पट्टी असते, जिच्यावर आपण बोटं दाबतो, तो फ्रेटबोर्ड. त्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या तारा म्हणजे फ्रेट. इलेक्ट्रिक गिटारला साधारण २१ ते २४ फ्रेट असतात. आता टोचणाऱ्या गोष्टी दोन असू शकतात. एक, फ्रेटची टोकं लाकडाच्या बाहेर आलेली असतात. दोन, टोकं बरोबर असतात पण लाकडाची कडच फूटपट्टीच्या कडेसारखी काटकोनी आणि कडक असते. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. त्यामुळे आधी ओळखायचं.

ओळखायची सोपी युक्ती सांगतो. घरातली जुनी शिफॉनची किंवा नायलॉनची ओढणी घ्या (विचारून घ्या!). ती कडेवरून नटपासून बॉडीकडे अलगद सरकवा. जिथे धागा अडकतो, तिथे फ्रेटचं टोक बाहेर आहे. ओढणी कुठेच अडकत नाही पण तळहाताला कड बोचते, तर मामला लाकडाचा आहे.

मग फोन काढा. मॅक्रो मोड असेल तर उत्तम, नसेल तर थोडं लांबून २x झूम करा. खोलीतला दिवा बंद करून दुसऱ्या फोनचा टॉर्च नेकच्या बाजूने, अगदी आडवा मारा. बाहेर आलेल्या प्रत्येक टोकाची सावली लाकडावर पडते आणि डोळ्यांना न दिसणारं फोटोत दिसतं. हे फोटो ठेवून द्या. काम करताना "आधी कसं होतं" हे आठवणीवर सोडलं की माणूस जास्त घासतो. मी फोटो काढले नव्हते.

फ्रेट बाहेर येतात कसे?

खरं तर फ्रेट बाहेर येत नाहीत, लाकूड आत जातं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा गेला की ते आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, रुंदीत पडतो. धातूला हवेतल्या ओलाव्याचं काही देणंघेणं नसतं. फ्रेट आहे तेवढाच राहतो आणि लाकूड त्याच्या टोकांपासून मागे सरकतं.

किती? समजा नेकच्या रुंद टोकाला फ्रेटबोर्ड ५६ मिलिमीटर आहे आणि तो अर्धा टक्का आकसला. म्हणजे ०.२८ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना प्रत्येकी ०.१४. आकडा किरकोळ वाटतो, पण बोटाच्या कातडीला तेवढं पुरतं.

दादाने गिटार घेतली मुंबईत, भर जुलैमध्ये. भिंतींना ओल आलेली, हवेत नुसतं पाणी. दुकानात त्या नेकवर हात लोण्यासारखा सरकत होता. नोकरी बदलली तेव्हा गिटार आमच्या घरी, छत्रपती संभाजीनगरला आली. एप्रिल आला, कूलर बिघडलेला, हवा पापड वाळवण्याच्या लायकीची. मे महिन्यात ती गिटार करवतीसारखी झाली होती. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात आणि दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत कुठेही हे होतं. गिटार खराब निघाली असं लगेच धरू नका.

जाता जाता एक गंमत. तुमच्या गिटारच्या माहितीत फ्रेटबोर्डसाठी 'रोझवुड' लिहिलं असेल, तर बहुतेक वेळा ते आपलं शिसव किंवा त्याचं भाऊबंद लाकूड असतं. स्वस्त गिटारवर हल्ली 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसतं. ते कुठलं परदेशी झाड नाही, सह्याद्रीच्या जंगलात वाढणारा आपला ऐन! २०१७ मध्ये शिसवाच्या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक नियम आले, तेव्हा अनेक गिटार कंपन्या अशा पर्यायांकडे वळल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण स्वस्त गिटारवर ऐन टिकून राहिला.

आणि फ्रेटचा धातू? नाव निकेल सिल्व्हर, पण त्यात चांदीचा कणही नाही. तांबं, निकेल आणि जस्त. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, तेच. बऱ्यापैकी मऊ असतं, म्हणून साध्या कानशीने घासलं जातं.

आधी ओलावा, मग कानस

लाकूड कोरडं पडून आकसलं असेल तर त्याला ओलावा परत दिल्यावर ते थोडं फुगतं. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. फोनच्या हवामान अ‍ॅपमध्ये दिसणारी आर्द्रता बाहेरची असते, तुमच्या खोलीतली नाही, त्यामुळे छोटा डिजिटल आर्द्रतामापक घेतला तर बरं. गिटार केसमध्ये ठेवा. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा घाला आणि ती डबी केसमध्ये, लाकडाला न टेकवता ठेवा. पाणी थेंबभरही गळता कामा नये. दोन आठवडे धीर धरा. मग पुन्हा ओढणी फिरवा.

निम्म्या लोकांचं काम इथेच संपेल असं मला वाटतं. ज्यांचं नाही संपलं, त्यांनी पुढे वाचा.

पण त्याआधी, काही गिटारना घरी हात लावूच नका. मेपलचा पिवळसर, चकचकीत फ्रेटबोर्ड असेल तर त्यावर लाकराचा थर असतो. कड घासली की तो फुटतो आणि कच्चं लाकूड उघडं पडतं. कडेने पांढरी किंवा क्रीम रंगाची प्लास्टिकची पट्टी असेल तर तीही कारागिराकडे द्या. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे असतील तर ते फार कडक असतात, साधी कानस त्यावर नुसती घसरते. आणि वॉरंटी चालू असेल तर आधी दुकानदाराला दाखवा. एकदा घासल्यावर तो तुमचं ऐकणार नाही.

सामान काय लागतं?

माझं सगळं सामान हार्डवेअरच्या आणि कटलरीच्या दुकानात मिळून साडेतीनशे रुपयांत आलं होतं. बारीक कानशींचा संच, ज्याला दुकानात नीडल फाईल म्हणून मागायचं. मास्किंग टेप. पॉलिश पेपर, म्हणजे सँडपेपर, ४००, ८०० आणि १००० नंबरचा. गुळगुळीत गोल दांडीचा स्क्रूड्रायव्हर. काळा मार्कर. तोंडाला मास्क, कारण शिसवाची धूळ घशाला आणि काही जणांच्या कातडीला त्रास देते. आणि नखं चमकवायचा तो चार बाजूंचा ब्लॉक असतो ना, तो एक घ्या. फ्रेटच्या टोकांना शेवटची चकाकी देण्यासाठी त्याच्याइतकी भारी आणि स्वस्त वस्तू मला अजून सापडलेली नाही.

यूट्यूबवर बरेच जण स्टील वूल वापरताना दिसतील. मी वापरत नाही. त्याचे लोखंडी तंतू तुटून उडतात आणि गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक असतात, ते तंतू तिथे जाऊन चिकटतात. एकदा चिकटले की निघता निघत नाहीत. तुमच्या फोनच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो, हे लक्षात ठेवा. निकेल सिल्व्हरचा कीस चुंबकाला चिकटत नाही, पण तरी पिकअपवर टेप लावाच आणि घासायच्या जागेपासून फोन लांब ठेवा.

तयारी

तारा एकदम कापू नका. सगळ्या थोड्या थोड्या सैल करत आणा आणि मग काढा. ब्रिज स्प्रिंगवर तरंगणारा असेल तर त्याच्याखाली घडी केलेला कपडा घाला, नाहीतर तारा निघाल्यावर तो मागे कलंडतो. तारा लॉक होणारा ब्रिज असेल तर पहिल्यांदाच हे करून बघायला ती गिटार निवडू नका.

नेकखाली दुमडलेला टॉवेल ठेवा. प्रत्येक दोन फ्रेटच्या मधलं लाकूड मास्किंग टेपने झाका. नेकच्या बाजूला, जिथे फ्रेटबोर्ड संपून नेकचा चकचकीत भाग सुरू होतो, तिथेही टेपची एक सरळ पट्टी ओढा. हे काम कंटाळवाणं आहे. तासभर जातो. करा.

फ्रेटची टोकं

मार्करने प्रत्येक टोक काळं करा. कानस कुठे लागली हे त्या शाईवरून कळतं. शाई गेली की थांबायचं, एवढा साधा नियम.

नीडल फाईलची सपाट कानस घ्या. तिची एक बारीक कड पॉलिश पेपरवर घासून आधी दातविरहित करा, म्हणजे ती लाकडाला टेकली तरी ओरखडा उठणार नाही. आता जे टोक ओढणीत अडकलं होतं तेवढ्याच टोकावर, लाकडाच्या बाजूला समांतर धरून, हलक्या हाताने घासा. दाब नको, कानशीच्या वजनाएवढं पुरे. टोक लाकडाच्या रेषेत आलं की त्याचे दोन कोपरे, डावा आणि उजवा, कानस तिरकी धरून दोन-तीन वेळा मोडा. बोटाला टोचणारे मुख्यतः हे कोपरेच असतात.

फ्रेटच्या टोकाला वरून एक उतार दिलेला असतो, साधारण ३० ते ३५ अंशांचा. त्या उताराला हात लावू नका. हे वाक्य दोनदा वाचा, का ते पुढे येतंच आहे.

एखादं टोक बाहेर नाही पण वर उचललेलं आहे असं दिसलं, तर तो वेगळा आजार. नखाने दाबल्यावर ते खाली जात असेल तर फ्रेट सैल झालाय. तो घासून बरा होत नाही, कारागीर तो परत बसवून देतो.

कोपरे मोडून झाले की ८०० आणि मग १००० चा पेपर बोटावर गुंडाळून प्रत्येक टोकावर फिरवा आणि शेवटी नखांचा ब्लॉक. ओढणी फिरवून बघा. कुठेच अडकली नाही की झालं.

लाकडाची कड

जुन्या, वीस-तीस वर्षं वाजवलेल्या गिटारचा नेक हातात घेतलात तर कडा आपोआप गोलसर झालेल्या जाणवतात. अंगठा आणि तळहात हजारो वेळा घासून ते होतं. महागड्या गिटारवर कारखान्यातच कडा गोलावून देतात. फेंडरच्या अनेक अमेरिकन मॉडेलच्या माहितीत हे आवर्जून लिहिलेलं असतं. आपल्याला तेच करायचंय, पण अगदी थोडं.

आता फ्रेटबोर्डच्या वरच्या पृष्ठभागावरची टेप कडेपासून दोन मिलिमीटर मागे घ्या. पहिली पायरी घासण्याची नाहीच. स्क्रूड्रायव्हरची गुळगुळीत दांडी कडेवर ४५ अंशांत टेकवा आणि दोन फ्रेटच्या मध्ये दाबून पुढे-मागे फिरवा, आठ-दहा वेळा. लाकूड कापलं जात नाही, दाबलं जातं. कड चपटी होऊन चमकायला लागते. तारा सोडून सगळं काम इथे थांबवलं तरी हाताला फरक कळतो. मी आता मित्रांच्या गिटारवर बहुतेक वेळा एवढंच करतो.

याहून जास्त हवं असेल तर ४०० चा पेपर बोटभर रुंदीचा कापा. फक्त दोन फ्रेटच्या मध्ये, फ्रेटला न लागता, चार-पाच हात मारा. मग ८००. डोळे मिटून अंगठा फिरवा. अर्ध्या मिलिमीटरची गोलाई पुष्कळ झाली. पहिल्या ते सातव्या फ्रेटपर्यंत हात सगळ्यात जास्त असतो, तिथेच लक्ष द्या. वरच्या फ्रेटना नुसती दांडी फिरवली तरी चालतं.

मी काय केलं होतं?

मला घाई होती. कॉलेजच्या गॅदरिंगला दोन दिवस राहिले होते आणि बोट कापलेलं. घरात १२० नंबरचा पेपर पडला होता, दरवाजाच्या रंगकामातून उरलेला. तो मी लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि नेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फ्रेटसकट, सरळ रंधा मारल्यासारखा ओढला. छान वाटत होतं. हात सरकवून बघायचो, अजून थोडं, अजून थोडं.

नेक खरंच लोण्यासारखा झाला. मग तारा चढवल्या.

सगळ्यात पातळ, पहिली तार कडेपासून साधारण ३ मिलिमीटर आत असते. पण ते सगळे ३ मिलिमीटर उपयोगाचे नसतात, कारण फ्रेटच्या टोकाचा उतार त्यातलाच थोडा भाग खातो. मी तो उतार आणखी आत सरकवला होता. बाराव्या फ्रेटवर तार दाबून किंचित खाली ओढली, व्हायब्रॅटो द्यायला, तर ती उतारावरून घसरून नेकच्या बाहेर पडली. पुन्हा केलं. पुन्हा पडली. शिवाय काही ठिकाणी लाकूड इतकं खाली गेलं होतं की फ्रेटच्या टोकाखाली फट दिसत होती. म्हणजे नवीन टोचणारी जागा मीच तयार केली होती.

गॅदरिंगला मी दुसऱ्याची गिटार मागून वाजवली. दादा दिवाळीला आला. पहिल्या पगारातून घेतलेली ती गिटार होती. त्याने ट्यून केली, बाराव्या फ्रेटवर तार ओढली, ती घसरली. "हं," एवढंच म्हणाला आणि केसमध्ये ठेवून दिली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

साफसफाई आणि तारा

टेप काढताना कडेपासून हळू, आडवी ओढत काढा. धूळ मऊ ब्रशने झटका. फुंकर नको, ती तोंडावर येते. उघड्या लाकडाच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे शिसव, ऐन वगैरे, फ्रेटबोर्डसाठी मिळणारं लेमन ऑइल कापडावर दोन-तीन थेंब घेऊन पुसा आणि दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने निपटून घ्या. घरातलं खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका. ते चिकट होतं आणि काही महिन्यांनी खवट वास मारतं.

तारा चढवून ट्यूनर अ‍ॅपवर सूर लावा. नंतर मी जी चाचणी उशिरा केली ती तुम्ही लगेच करा : पाचव्या, बाराव्या आणि सतराव्या फ्रेटवर पहिली तार दाबून खाली ओढा, सहावी वर ओढा. काठावरून घसरत नसेल तर काम फत्ते.

जास्त घासलं गेलंच तर?

गेलेलं लाकूड परत येत नाही, पण गिटार फेकायची गरज नसते. नेक चार स्क्रूंनी बसवलेला असेल तर तारा थोड्या सैल करून ते स्क्रू अर्धा फेरा ढिले करा आणि हेडस्टॉक किंचित वर, म्हणजे जाड तारेच्या बाजूला ढकलून पुन्हा आवळा. वरच्या फ्रेटवर पहिली तार आत सरकते. सहावी तार तेवढीच तिच्या कडेकडे जाते, त्यामुळे दोन्हीकडे बघत बघत करा. नटजवळच्या फ्रेटना याचा फायदा होत नाही. तिथे दुसरा उपाय : नवीन नट, ज्यात तारांच्या खाचा एकमेकींच्या थोड्या जवळ कापलेल्या असतात. हे मात्र कारागिराचं काम.

दादाच्या गिटारला शेवटी मी दोन्ही केलं. नटचे पैसे माझ्या शिकवणीच्या कमाईतून गेले. फटी दिसत होत्या तिथे कारागिराने लाकडाचा भुसा आणि सुपर ग्लू भरून दिला, नखाने चाचपलं तरच कळतं. तारा आता थोड्या दाटीने आहेत. दादा दिवाळीत घरी आला की तीच काढून वाजवतो, फक्त बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिली तार जरा जपून ओढतो.